ताईच्या क्लासचं ॲप: कोडला रंग द्यायच्या नोंदी

६ एप्रिल

लॉगिन आणि धड्यांचं पान झालं, आता कोडचे तुकडे नीट रंगात दिसायला पाहिजेत हे काम हातात घेतलं. ताईचा क्लास नागपूरच्या प्रतापनगरात घराच्याच वरच्या खोलीत आहे, अकरावी-बारावीचे आयटीवाले आणि इंजिनियरिंग फर्स्ट इयरचे पोट्टे-पोट्ट्या मिळून एका बॅचला अठरा-वीस जण. आतापर्यंत ती वर्डमध्ये नोट्स टाइप करून व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकायची, त्यात कोड सगळा काळा, वरून वर्डने सरळ कोट्सचे वाकडे कोट्स केलेले, म्हणजे पोरानं जसंच्या तसं कॉपी केलं की पायथन तिथंच अडणार.

ताईला मी विचारलं की रंगांची खरंच एवढी गरज आहे का, तर म्हणाली, "अरे, स्ट्रिंग कुठे संपली हेच त्यांना दिसत नाही. अर्धा तास डाउट चालतो त्यातली वीस मिनिटं बंद न केलेला कोट शोधण्यात जातात." स्ट्रिंग म्हणजे दोन कोट्समधला मजकूर. तिचं हे डोक्यात बसलं. म्हणजे रंग सजावटीसाठी नाहीत, कोट उघडा राहिला की त्यापुढची ओळ सगळी एकाच रंगात गेली पाहिजे आणि पोराला लांबून कळलं पाहिजे.

बॅकएंड जँगोचं, म्हणजे पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचं आहे. भाषा दोनच, पायथन आणि एसक्यूएल. दोनच आहेत तर आपणच लिहू म्हटलं, चार रेजेक्सचं (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रांचं) काम आहे.

७ एप्रिल

ऑफिसवरून साडेसातला आलो, जेवून बसलो. पहिला प्रयत्न असा की आधी स्ट्रिंग शोधायच्या आणि त्यांना स्पॅन या एचटीएमएल टॅगमध्ये गुंडाळायचं, मग कमेंट, मग आकडे, मग शेवटी कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द. सगळं बरोबर वाटत होतं पण पानावर कोडच्या मध्येमध्ये टॅगचेच तुकडे दिसायला लागले. कारण सापडायला पाऊण तास गेला: पहिल्या फेरीत मी जो स्पॅन घातला त्यात क्लास हा शब्द आहे, आणि क्लास हा पायथनचा कीवर्डसुद्धा आहे, तर चौथ्या फेरीने माझाच टॅग कोड समजून रंगवला.

म्हणजे एकावर एक फेऱ्या मारायच्याच नाहीत. मूळ मजकूर डावीकडून उजवीकडे एकदाच वाचायचा, प्रत्येक जागी विचारायचं की इथून काय सुरू होतंय, जे असेल तेवढं पूर्ण उचलायचं आणि पुढे सरकायचं. टोकन पाडणं म्हणजे हेच. एचटीएमएल सगळ्यात शेवटी.

११ एप्रिल

एकाच फेरीमुळे दुसराही प्रश्न सुटला. स्ट्रिंगच्या आत # (पायथनमध्ये यानं कमेंट सुरू होते) आलं, म्हणजे समजा कोणी "रोल नं #१२" असं लिहिलं, तर आधी अर्धी स्ट्रिंग कमेंटच्या रंगात जायची. आता स्ट्रिंग सुरू झाली की ती संपेपर्यंत दुसरं काही बघायचंच नाही, तसंच कमेंटच्या आत कोट आला तरी तो कोट नव्हेच.

तीन कोट्सवाल्या स्ट्रिंग अजून फसतात कारण मी ओळ-ओळ वाचून राहिलो होतो आणि त्या पाच-सहा ओळी चालतात. आदल्या ओळीवर आपण कुठल्या अवस्थेत होतो हे पुढच्या ओळीला माहीत असलं पाहिजे. पूर्ण मजकूर एकत्र वाचायला घेतला.

१३ एप्रिल

आज एका पोट्ट्यानं डाउटच्या बॉक्समध्ये फोटोचा टॅग टाकला, पत्ता मुद्दाम चुकीचा आणि सोबत ऑनएररमध्ये (फोटो उघडला नाही की चालणारा कोड) अलर्ट. पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर अलर्ट आला. त्याला ताईनं रागावलं नाही आणि मलाही ते बरोबर वाटलं, कारण भोक माझं होतं. जँगो टेम्प्लेटमध्ये स्वतःहून सगळं एस्केप करतो (टॅगची चिन्हं नुसता मजकूर म्हणून दिसतील अशी बदलतो), पण माझे स्पॅन दिसावे म्हणून मी तिथे सेफ (इथे एस्केप करू नको अशी खूण) लावून ठेवलं होतं आणि आतला मजकूर एस्केप करायचा विसरलो होतो.

दुरुस्ती करताना आणखी एक समजलं. आधी सगळा कोड एस्केप करून मग टोकन पाडले तर < चं &lt; झालेलं असतं आणि रंगवणारा ती अक्षरं कोड म्हणून वाचतो. म्हणून टोकन मूळ मजकुरावरच पाडायचे आणि प्रत्येक टोकन बाहेर लिहिताना त्याचं त्याचं एस्केप करायचं, त्यातही & आधी आणि < नंतर, उलटं केलं तर दोनदा एस्केप होतं.

१४ एप्रिल

क्लासला सुट्टी. सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन आलो. कोड उघडला नाही.

१९ एप्रिल

ताई मुलांना सुरुवातीला व्हेरिएबलची नावं मराठीत लिहू देते. तिचं म्हणणं की पहिले दोन आठवडे पोरगं लॉजिकशी भांडू दे, स्पेलिंगशी नको. पायथन ३ मध्ये हे पूर्ण चालतं, बेरीज = ० सारखं नाव देता येतं, फक्त तो शून्य इंग्रजी पाहिजे. यात एक गंमतीदार नियम आहे जो मला आजपर्यंत माहीत नव्हता: देवनागरी आकडा नावाच्या आत चालतो, अंक१ हे वैध नाव आहे, पण सुट्टा ५ देवनागरीत लिहिला की एरर. आणि इंट या फंक्शनला "५" ही स्ट्रिंग दिली तर ती मुकाट्यानं पाच करून देते.

माझ्या रंगवण्यात मात्र मराठी नावांची वाट लागली. एका पोरीनं अंक1 असं नाव लिहिलं, मराठी अंक आणि इंग्रजी एक, आणि तो शेवटचा एक आकड्याच्या केशरी रंगात. कारण रेजेक्समध्ये शब्दाची सीमा ओळखणारं जे चिन्ह आहे ते मी फक्त इंग्रजीपुरतं चालवत होतो, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच त्याला शब्द वाटतं. क त्याच्या लेखी शब्दाबाहेरचा, म्हणून क आणि 1 च्या मध्ये शब्द संपला असं तो समजतो. तपासायला म्हणून एक खूप वापरली जाणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी लावून पाहिली, तिच्यातही फंक्शनचं नाव इंग्रजीत असेल तरच फंक्शनचा रंग मिळतो, डेफ (फंक्शन सुरू करायचा कीवर्ड) नंतर बेरीज आलं की साधं काळं.

याचं मला फार वाईट वाटलं. पोरगी पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत फंक्शन लिहिते आणि पडद्यावर फक्त तिचंच नाव बिनरंगी. हे नीट झालंच पाहिजे.

२० एप्रिल

इंग्रजी अक्षरांऐवजी यूनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) अक्षर-वर्ग घातला, म्हणजे कुठल्याही लिपीचं अक्षर चालेल. पान रिफ्रेश केलं आणि फंक्शनचं नाव, जे मी बोल्ड ठेवलं होतं, असं दिसलं:

ब ◌े र ◌ी ज

मात्रा सुटून बाजूला, प्रत्येकीला टिंबांचं गोल. यूनिकोडमध्ये ब, र, ज ही अक्षरं आहेत पण े आणि ी यांचा वर्ग वेगळा, त्या अक्षरं नसून चिन्हं आहेत. माझ्या रेजेक्सनं ब उचलून बोल्ड केला, मात्रा बाहेर ठेवली, र उचलला, परत मात्रा बाहेर. आणि बोल्ड म्हणजे वेगळा फॉन्ट, दोन फॉन्टच्या सीमेवर मात्रेला टेकायला अक्षरच मिळत नाही म्हणून ब्राउझर टिंबांचं गोल आणून तिला टेकवतो.

चिन्हांचा वर्ग जोडला, बेरीज परत बेरीज झालं. खरं तर यूनिकोडनं नावांसाठीच दोन वर्ग ठरवून दिलेत, नाव कशानं सुरू होऊ शकतं आणि पुढे काय चालतं, पायथनही त्याच आधारावर नावं तपासतो. तेच वापरायला पाहिजे होते.

नियम म्हणून इथे लिहून ठेवतो: बोल्ड फक्त कीवर्डला. कीवर्ड कायम इंग्रजी असतात, तिथे मात्रा तुटायचा प्रश्नच येत नाही.

२६ एप्रिल

स्वतःचं लिहिलेलं बाजूला ठेवायचं ठरवलं. जवळपास तीन आठवड्यांत शिकायला भरपूर मिळालं पण एसक्यूएलला हातच लागलेला नाही, आणि तिथे स्ट्रिंगमधला कोट दोनदा लिहून एस्केप करतात, म्हणजे परत वेगळे नियम.

कोड रंगवणाऱ्या तयार लायब्ररींचे पर्याय तीन पाहिले. हायलाइट जेएस ब्राउझरमध्ये चालतं आणि भाषा सांगितली नाही तर स्वतः ओळखतं, म्हणजे बऱ्याच भाषांचे नियम लावून कुणाचे गुण जास्त येतात ते बघतं. मोठ्या फाइलला ठीक, पण ताईचे तुकडे तीन-चार ओळींचे असतात, त्यात ओळखायला काही नसतंच. ओळख बंद ठेवायची आणि भाषा धड्यातच लिहायची हे नक्की केलं. शिकी फार देखणं रंगवतं, टेक्स्टमेट या मॅकवरच्या जुन्या एडिटरची ग्रामरची (भाषा ओळखून रंगवायचे नियम) पद्धत त्यात आहे, व्हीएस कोडमध्येही तीच, पण ते जावास्क्रिप्टच्या बाजूचं आहे आणि आपला सर्व्हर पायथनचा.

तिसरं पिगमेंट्स. २००६ पासून चालू आहे, पायथनमध्येच लिहिलेलं, पाचशेहून जास्त भाषा. त्याचा पायथनचा सोर्स उघडून वाचला, नावाची व्याख्या यूनिकोडच्या त्याच दोन वर्गांवर केलेली. बेरीज, सरासरी, दुप्पट, सगळी नावं घालून पाहिली, एकही तुटलं नाही. रात्री साडेअकरा वाजता ताईला उठवून दाखवलं.

धडा सेव्ह होतो तेव्हाच सर्व्हरवर रंगवायचं आणि तयार एचटीएमएल ठेवून द्यायचं. पोरांचे फोन साधे आहेत, त्यांना रंगवायचं काम द्यायचं नाही.

४ मे

ओळींचे नंबर. पिगमेंट्समध्ये टेबलचा प्रकार घेतला होता, डाव्या खान्यात नंबर, उजव्या खान्यात कोड. इंग्रजी कोडला बरोबर, मराठी कमेंट आली की घसरतं, दहाव्या ओळीपर्यंत नंबर अर्धी ओळ वर राहून जातो. कारण फॉन्ट. कोडच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच, ब्राउझर तेवढ्यापुरता दुसरा फॉन्ट आणतो, त्याला वर वेलांटी आणि खाली उकार यांच्यासाठी जागा जास्त लागते, म्हणून मराठीवाली ओळ उंच होते आणि शेजारच्या खान्यातल्या नंबरच्या ओळीला त्याचा पत्ताच नसतो.

ओळीची उंची आकड्यात बांधली, १.७. त्याखाली गेलं की "कृ" चं खालचं टोक पुढच्या ओळीला चिकटतं, वर गेलं की फोनवर कोड विरळ दिसतो. फॉन्टच्या यादीत कोडच्या फॉन्टनंतर लगेच नोटो सान्स देवनागरी ठेवला म्हणजे प्रत्येक फोनवर वेगळा फॉन्ट यायला नको. आणि खाने काढून टाकले, प्रत्येक ओळ स्वतःच्या स्पॅनमध्ये, नंबर सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणारी भाषा) काउंटरनं. त्यामुळे नंबर आपल्या ओळीला सोडत नाही, आणि कोड कॉपी केला की नंबर सोबत येत नाहीत कारण तो मजकूर पानात नसतोच.

काउंटर देवनागरीतही देता येतो, लावून पाहिला, सुंदर दिसतो. पण पायथनची एरर ओळीचा नंबर इंग्रजीत सांगते, आणि ती ओळ शोधणं हेच तर पोराला शिकायचं आहे, म्हणून ताईनं इंग्रजीच ठेवायला सांगितलं.

याच भागातलं अजून एक: पिगमेंट्स सुरुवातीच्या रिकाम्या ओळी आपणहून काढून टाकतो. पोरानं पहिली ओळ मोकळी सोडली असेल तर पायथन म्हणणार चूक ७ वर आणि आपल्या पानावर ती ६ वर. ते बंद केलं.

११ मे

ॲपमध्येच कोड टाइप करायच्या लाइव्ह एडिटरसाठी ग्रामर शोधून राहिलो होतो, एक जुनं लावलं. ताईच्या लॅपटॉपवर पायथन ३.१२ आहे, त्यात एफ-स्ट्रिंगच्या (मजकुराच्या मध्येच व्हेरिएबल घालता येणारी स्ट्रिंग) आत बाहेरच्यासारखाच कोट परत वापरता येतो, २०२३ च्या आधी हे चालत नव्हतं. जुन्या ग्रामरला ते माहीत नाही, आतला कोट दिसला की स्ट्रिंग संपली म्हणतं, आणि पुढची अर्धी ओळ उलट्या रंगात. कोड चालतो, रंग म्हणतो चुकलं.

ताईसमोर हे ठेवलं, म्हटलं असे प्रसंग कमी आहेत, चालवून घेऊ. ती म्हणाली, "तुला चालेल, तुला माहीत आहे रंग चुकलाय म्हणून. पोराला वाटेल आपलाच कोड चुकला, आणि तो बरोबर कोड खोडेल. त्यापेक्षा रंग देऊ नको." मला ते पटलं, आणि त्यावरूनच पुढचं सगळं ठरलं: जिथे खात्री नाही तिथे काळं ठेवायचं, अंदाजानं रंगवायचं नाही.

एडिटरला कोडमिरर ६ घेतलं. त्याचा पार्सर (कोडची रचना वाचणारा भाग) टाइप करताना बदललेला भागच परत वाचतो आणि अर्धवट कोडवरही अडून बसत नाही. वाट्टेल तशा एफ-स्ट्रिंग घालून बघितल्यावरच ठेवलं.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला. वरच्या खोलीतला कूलर गरम हवा फेकून राहिला होता, बॅच सकाळी साडेसातला घेतली.

आजची गोष्ट सविस्तर लिहितो. दोन पोट्ट्या शेजारी बसलेल्या, दोघींचा प्रोग्राम एकच, दोघींनी व्हेरिएबलचं नाव ठेवलेलं दुसऱ्याचे_गुण. एकीचा चालतो, दुसरीचा नाही. ताईनं दोन्ही स्क्रीन पाहिल्या, मी पाहिल्या, अक्षर न अक्षर सारखं. एरर म्हणते न दिसणारं चुकीचं अक्षर, यू प्लस २००डी.

आपला तो अर्धा र आहे, दुसऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर मधला, जो य किंवा ह च्या आधी आडव्या रेघेसारखा येतो. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे ऱ, हा यूनिकोडमध्ये वेगळा दिलेला आहे, त्याला हलन्त आणि मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग एक शून्य रुंदीचा जोडक (तोच यू प्लस २००डी), मग य. तो जोडक नसेल तर र वर चढून रफार होतो आणि दुसर्या असं चुकीचं दिसतं, म्हणून बरेच कीबोर्ड तो गुपचूप घालतात. दोन्हींचं चित्र डोळ्यांना एकच. पण जोडक हे यूनिकोडच्या हिशेबात अक्षरही नाही आणि मात्राही नाही, म्हणून पायथन त्याला नावात घेत नाही. जावास्क्रिप्टमध्ये मात्र नावात चालतो. स्ट्रिंगमध्ये तो कुठेही चालतो, पण मग दोन "दुसऱ्या" एकमेकांशी जुळत नाहीत आणि डिक्शनरीत असलेली 'की' (नोंदीचं नाव) सापडत नाही.

पोरीचा कोड नोट्सच्या पानात टाकून पाहिला. पिगमेंट्सला जे ओळखता येत नाही त्याला तो एररचा क्लास देतो आणि आपल्या थीममध्ये त्याला लाल चौकट आहे. नाव र् शी तुटलं आणि मध्ये एक काडीएवढी बारीक लाल चौकट उभी. जे दोन जणांना दहा मिनिटं दिसलं नाही ते तिथे समोर होतं. पोरीनं स्वतःच त्या जागी कर्सर नेला, बॅकस्पेस दाबला, ऱ टाइप केला, आणि प्रोग्राम चालला.

एडिटर मात्र उदार आहे, इंग्रजीबाहेरचं जवळपास सगळं तो नावात गिळतो. कोडमिररमध्ये न दिसणारी अक्षरं दाखवायची सोय आहे पण तिच्या ठरलेल्या यादीत हा जोडक नाही, तो आपण वाढवावा लागतो. वाढवला, पण स्ट्रिंग आणि कमेंट सोडून, तिथे तो आपल्या भाषेचा हक्काचा आहे. सेव्ह करताना आपणच गुपचूप ऱ करून द्यावा का असंही मनात आलं. ताई नाही म्हणाली, कळू दे त्यांना.

१ जून

रंग ठरवले. मी लावलेली थीम लॅपटॉपवर छान होती, क्लासच्या प्रोजेक्टरवर खिडकीतून ऊन येताना कमेंट पूर्ण गायब. मोजलं तर पांढऱ्यावरच्या त्या करड्याचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडाचं गुणोत्तर) २.८५ निघाला, वेबच्या नियमात साध्या मजकुराला किमान ४.५ सांगितलाय. ताईच्या नोट्समध्ये खरं समजावणं कमेंटमध्येच असतं, मराठीत, आणि जवळपास सगळ्या थीम कमेंटला सगळ्यात फिकट ठेवतात. आपण ७ च्या करड्यावर नेलं. कमेंटचं तिरपं अक्षरही काढलं, देवनागरीला तिरपा फॉन्ट नसला की ब्राउझर सरळ अक्षर नुसतं कलतं करतो, वाचवत नाही.

बॅचमधल्या एकाला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही, त्यानं ताईला एकट्यात सांगितलं. थीममध्ये कीवर्ड लाल आणि स्ट्रिंग हिरवी होती. आता कीवर्ड गडद निळा आणि बोल्ड, स्ट्रिंग तपकिरी-केशरी. त्याला बाजूला बसवून दाखवलं, तो म्हणाला हव, आता कळून राहिलं.

प्रिंटसाठी वेगळी सीएसएस, सगळं काळं, कीवर्ड बोल्ड, झेरॉक्सवर तेवढंच उमटतं.

१५ जून

नवीन बॅचला ॲप दिलं. पहिल्या तासाला मुद्दाम मागे बसलो. उघडा राहिलेला कोट सात-आठ जणांनी स्वतः पकडला, ओळ शेवटपर्यंत केशरी झाली की लगेच मागे जाऊन बघायचे.

मग एकानं विचारलं की प्रिंट आणि इफ यांचे रंग वेगळे का. ताई म्हणाली, इफ भाषेचा शब्द आहे, तो बदलता येत नाही, प्रिंट हे तयार मिळालेलं नाव आहे. त्यानं तिथेच प्रिंट = 5 असं लिहून पाहिलं. ते चाललं, आणि खालचा प्रिंट मात्र एरर द्यायला लागला, की इंट ला (पूर्णांकाला) कॉल करता येत नाही. "पण मॅम, रंग तर तोच आहे अजून."

बरोबर आहे त्याचं. पिगमेंट्स नाव वाचून रंग देतो, त्या नावात आता काय भरलंय हे त्याला कळायला कोड चालवावा लागेल. ११ मेच्या नियमाप्रमाणे हा रंग जायला पाहिजे, कारण त्या ओळीनंतर तो खोटा आहे. तास संपल्यावर आम्ही दोघं यावर बराच वेळ बोललो. तयार नावांचा रंग काढला, ती आता साध्या काळ्यात आहेत. त्या पोराला उद्या दाखवायचं.